रावळगावच्या नावाची मालकी

फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगाव शुगर फार्म या कंपनीने आपला गोळ्यांचा व्यवसाय रिलायन्स कन्झ्युमर प्रॉडक्ट्सला २७ कोटी रुपयांना विकला. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, टूटी फ्रूटी ही नावे, गोळ्यांच्या पाककृती आणि बौद्धिक संपदेचे सगळे हक्क नव्या मालकाकडे गेले. जमीन, इमारती आणि यंत्रे सौद्यात नव्हती, ती जुन्या कंपनीकडे राहिली. बातमी आली त्या आठवड्यात अनेकांनी बालपणीच्या गोळ्यांच्या आठवणी काढल्या, आणि अर्थविषयक पानांनी मोठा उद्योगसमूह जुने ब्रँड कसे गोळा करतो आहे याचा हिशेब मांडला. नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या एका गावाचे नाव ऐंशी वर्षे ज्या कागदावर छापले गेले, त्या गावाला या व्यवहारात काही स्थान होते का, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. तो विचारायला हवा असे मला वाटते. गावाच्या नावावर आणि तिथल्या माणसांच्या कामावर उभा राहिलेला ब्रँड विकला जाताना गावाचा काहीच हक्क नसावा, हे मला मान्य नाही. असा हक्क मालकाच्या चांगुलपणावर सोडून मिळत नाही. मालकीच्या कागदांत तो वेळीच लिहून ठेवावा लागतो.

रावळगावची कंपनी काढणारे वालचंद हिराचंद दोशी मराठी वाचकाला माहीत असतात ते जहाजांमुळे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेत पुढे आले. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली, आणि तो दिवस आपण आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमच्या गोदीची पायाभरणी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. या यादीत गोळी शोभत नाही असे वाटेल. पण विमानांचा कारखाना युद्धकाळातच सरकारकडे गेला, गोदीही स्वातंत्र्यानंतर सरकारची झाली, प्रीमियरच्या गाड्या रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या. १९३३ साली स्थापन झालेल्या रावळगावच्या कंपनीने १९४२ मध्ये काढलेली गोळी मात्र एकविसाव्या शतकातही पानटपरीवरच्या बरणीत होती. खडकाळ माळावर ऊस पिकवून साखर काढणारे वालचंद साखरेच्या पोत्यापाशी थांबले नाहीत, ही यातली खरी दृष्टी. साखरेला नाव नसते. ती बाजारभावाने जाते आणि भाव दुसरेच कुणी ठरवते. त्याच साखरेची गोळी करून तिला कागद गुंडाळला की ती नावाने मागितली जाते. देशातल्या साखर उद्योगाला हे तेव्हाही अवघड गेले आणि आजही जाते.

गोळी दिसते तितकी सोपी नसते. साखर आणि द्रवरूप ग्लुकोज एकत्र उकळून पाक साधारण १४५ ते १५० अंशांपर्यंत न्यावा लागतो, म्हणजे त्यात दोन-तीन टक्क्यांहून जास्त पाणी उरत नाही. ग्लुकोज कमी पडले तर साखर पुन्हा खडे धरते आणि गोळी भुसभुशीत होते. जास्त झाले तर ती दमट हवेत चिकटते आणि कागद सुटत नाही. पाक थोडा निवल्यावरच त्यात सायट्रिक आम्ल, रंग आणि स्वाद मिसळायचा, तो मऊ असेपर्यंत मळायचा, ओढायचा आणि साच्यातून काढायचा. हे सगळे काही मिनिटांत व्हावे लागते, कारण पाक गार झाला की कुणाचेच ऐकत नाही. पान पसंदसारख्या गोळीत तर पानाचा थंडावा आणि बडीशेपेचा गोडवा वर्षानुवर्षे तसाच राखायचा होता. ते कसब यंत्राइतकेच यंत्रावरच्या माणसाचे असते. पाककृती लिहिलेला कागद विकता येतो, पण तो कागद खरा ठरवणारी माणसे पगारावर असतात आणि त्यांचा हिशेब तिथेच संपतो.

या धंद्याच्या घसरणीची कारणे कंपनीने सांगितली होती: संघटित आणि असंघटित स्पर्धकांनी खाल्लेला बाजार, कच्च्या मालाचे, विजेचे आणि मजुरीचे वाढलेले दर. याच्या मुळाशी मला नाण्याचे गणित दिसते. गोळीची किंमत पैशांत ठरत नाही, ती नाण्यात ठरते. जून २०११ अखेर चार आणे चलनातून गेले. आठ आणे कायद्याने आजही चालतात, पण दुकानात कुणी घेत नाही. मग उरतो रुपया. साखर कितीही महागली तरी रुपयाच्या गोळीचे दहा टक्के वाढवून एक रुपया दहा पैसे करता येत नाहीत. एक तर गोळी लहान करायची किंवा तोटा सोसायचा. शिवाय सुट्ट्या पैशांऐवजी दुकानदाराने हातावर ठेवलेली गोळी हाही या धंद्याचा एक आधार होता, आणि मोबाइलवरून नेमकी रक्कम देता येऊ लागल्यावर तो ढासळला असावा असे मला वाटते. हे मान्य केले तर रावळगावच्या मालकांना दोष देता येत नाही. तोट्यातला धंदा अनंतकाळ चालवा असे कुणी कुणाला सांगू शकत नाही. माझा आक्षेप विक्रीला नाही. २७ कोटी रुपये केवळ नावांना आणि पाककृतींना मिळाले, म्हणजे मोलाची वस्तू नाव हीच होती. ते नाव घडवण्यात मालकाखेरीज आणखी कुणाचा वाटा होता, याची नोंद कुठेच नव्हती. माझा आक्षेप आहे तो याला.

याच्या शेजारी अमेरिकेतल्या एका गोळीवाल्याचे आयुष्य ठेवून पाहावे. मिल्टन हर्शी १८५७ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका खेड्यात जन्मला. कोवळ्या वयात लँकेस्टर गावच्या मिठाईवाल्याकडे उमेदवारी केली. १८७६ मध्ये फिलाडेल्फियात स्वतःचे दुकान काढले, ते बुडाले. डेन्व्हरला जाऊन ताज्या दुधाचे कॅरॅमल करायला शिकला. न्यूयॉर्कला पुन्हा दुकान काढले, तेही बुडाले. १८८६ मध्ये लँकेस्टरला परत येऊन कॅरॅमलचा कारखाना उभारला आणि तो मात्र चालला. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याने ड्रेस्डेनच्या लेहमान कंपनीची चॉकलेट करण्याची यंत्रे पाहिली आणि ती विकत घेतली. १९०० साली त्याने कॅरॅमलचा चालता धंदा दहा लाख डॉलरला विकून टाकला आणि चॉकलेट स्वतःकडे ठेवले. म्हणजे हर्शीनेही ब्रँड विकलाच होता. फरक पुढे दिसतो. त्या पैशातून तो जन्मगावी परतला, कारण तिथे दूध होते, आणि त्याचा कारखाना तिथे १९०५ मध्ये पुरा झाला. त्याच्या पाच सेंटच्या वडीलाही नाण्याचाच जाच होता. किंमत १९६९ पर्यंत पाच सेंटच राहिली आणि वजन कमी-जास्त होत गेले. १९०९ मध्ये त्याने आणि कॅथरीन या त्याच्या पत्नीने अनाथ मुलांसाठी शाळा काढली. मूलबाळ नसलेल्या हर्शीने, पत्नीच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, आपले सुमारे सहा कोटी डॉलरचे शेअर त्या शाळेच्या विश्वस्त निधीच्या नावे केले.

हे दान होतेच, पण त्याचा कायदेशीर परिणाम दानाच्या पलीकडे गेला. २००२ साली त्याच निधीच्या विश्वस्तांनी कंपनी विकायला काढली. रिगली कंपनीने साडेबारा अब्ज डॉलर देऊ केले. गावकरी रस्त्यावर उतरले, आजी-माजी कामगार उतरले, शाळेचे माजी विद्यार्थी उतरले. पण नुसत्या मोर्चाने सौदा मोडला नसता. निधी धर्मादाय असल्याने राज्याच्या ॲटर्नी जनरलला न्यायालयात जाता आले, न्यायालयाने मनाई हुकूम दिला आणि सप्टेंबरमध्ये विश्वस्तांनी माघार घेतली. २०१६ मध्ये मॉन्डेलीझने २३ अब्ज डॉलर देऊ केले, तेव्हाही नकारच मिळाला. कागदावर हक्क होता म्हणून गावाच्या आवाजाला न्यायालयात जागा मिळाली.

इंग्लंडमधले बॉर्नव्हिल याच्या नेमके उलट उदाहरण आहे. कॅडबरी बंधूंनी १८७९ मध्ये बर्मिंगहॅमच्या बाहेर कारखाना हलवला, कामगारांना राहण्यासाठी बागांचे, स्वच्छ हवेचे गाव वसवले, आणि जॉर्ज कॅडबरीने १९०० मध्ये त्या गावाचा विश्वस्त निधी केला. हर्शीइतकेच, कदाचित त्याहून मोठे मन. पण त्या निधीकडे घरे आणि जमीन होती, कंपनीची मालकी नव्हती. ती पुढे शेअर बाजारात गेली. २०१० मध्ये क्राफ्टने साडेअकरा अब्ज पौंडांच्या आसपास मोजून कॅडबरी घेतली. कॅडबरीनेच बंद करायचा ठरवलेला समरडेलचा कारखाना आम्ही चालू ठेवू, असे बोली लावताना क्राफ्टने म्हटले होते. ताबा मिळाल्यावर आठवडाभरात तो बंद होणार हे जाहीर झाले. ब्रिटनच्या अधिग्रहण मंडळाने क्राफ्टवर जाहीर ठपका ठेवला, पुढे नियमही बदलले, कारखाना मात्र गेला. बॉर्नव्हिलच्या बागा राहिल्या, घरे राहिली. कारखान्याचे काय करायचे हे ठरवणारे आता अटलांटिकच्या पलीकडे बसत होते. सज्जन मालकांच्या दोन गावांत एवढा फरक पडला तो कागदामुळे.

हर्शीचे गाव म्हणजे आदर्श, असे मी म्हणत नाही, आणि यावरचे आक्षेप गंभीर आहेत. हर्शीच्या शाळेच्या मूळ दस्तात प्रवेश फक्त गोऱ्या मुलग्यांना होता. वर्णाची अट जायला १९६८ साल उजाडले, मुलींना त्यानंतरही थांबावे लागले. गावातला बँकवाला, घरमालक आणि कारखानदार एकच माणूस होता, तेव्हा त्याच्याविरुद्ध बोलायचे कुठे? १९३७ मध्ये कामगार कारखान्यातच ठाण मांडून संपावर बसले. दूध घ्यायला कुणी नाही म्हणून चिडलेले आसपासचे दूध उत्पादक आणि संपाबाहेरचे कामगार आत घुसले आणि त्यांनी संपकऱ्यांना लाठ्याकाठ्यांनी मारून बाहेर काढले. हा डाग पुसता येत नाही. २००७ नंतर कंपनीने मेक्सिकोत कारखाना उभारला आणि अमेरिकेतल्या नोकऱ्या कमी केल्या, तेव्हा निधी असूनही ते थांबले नाही. यातून मी काढतो तो निष्कर्ष असा: गावाचा हक्क एका दात्याच्या मर्जीतून आला तर त्यात त्या दात्याचे पूर्वग्रहही येतात. म्हणून तो दानातून येऊ नये, भागीदारीतून यावा, आणि त्या भागीदारीत कामगार आणि कच्चा माल पुरवणारा शेतकरी एकमेकांसमोर उभे न राहता एकाच बाजूला असावेत.

ठाण्याजवळच्या काल्हेर या गोदामांच्या गावात हा विषय जास्त टोचतो. ठाण्याहून बाळकुमपुढे कशेळीची खाडी ओलांडली की कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ अशी गोदामांची रांग लागते. मुंबईची जकात लागू नये म्हणून माल वेशीबाहेर उतरवण्याच्या सोयीतून हा पट्टा वाढला. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, तरी गोदामे राहिली आणि आणखी मोठी झाली, कारण मुंबई, नाशिक आणि गुजरात या तिन्ही दिशांचे रस्ते इथून जवळ आहेत. जिथे भातखाचरे होती तिथे आता पत्र्याची कंपाउंडे आहेत. देशात तयार होणारा खाण्याचा कितीतरी माल इथल्या हमालांच्या पाठीवरून जातो. गोळीची खोकी दमट हवेपासून जपायची, चॉकलेटची उन्हापासून. चॉकलेटला वातानुकूलित खोली लागते, गोळीला कोरडी फळी पुरते. हे कसब इथल्या माणसांकडे आहे. पण कोणत्याही वेष्टनाची मागची बाजू वाचावी. बारीक अक्षरांत निर्माता एका गावचा, विपणन करणारा दुसऱ्या शहरातला आणि तक्रारीचा पत्ता तिसरीकडचा असतो. यात काल्हेर कुठेच नसते. आणि ज्या वेष्टनावर एखाद्या गावाचे नाव ठळक असते, तिथेही माल त्याच गावी झाला असेल याची खात्री उरलेली नाही. खाडीपलीकडे ठाण्यात कॅडबरी हे नाव एका चौकाचे झाले आहे. विलेपार्ल्यात १९२९ साली गोळ्यांपासून सुरुवात केलेला पार्लेचा कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, नाव देशभर फिरते आहे. गोदामे रोजगार देतात, भाडे देतात, आणि हे काही कमी नाही, असे मला कुणी सांगेल. ते खरे आहे. पण भाड्याचे गणित असे की भाडेकरूला पुढच्या तालुक्यात स्वस्त जागा मिळाली की तो जातो. हा धोका आज काल्हेरला आहे. कारखाना असलेल्या गावांना त्यापासून संरक्षण आहे असे आपण समजत होतो. रावळगावने ते तितकेसे खरे नसल्याचे दाखवले.

यावर उपाय परक्या देशातून आणायची गरज नाही. १९७३ साली मंगळूरला स्थापन झालेली कॅम्पको ही सुपारी आणि कोको उत्पादकांची सहकारी संस्था कर्नाटक आणि केरळातल्या शेतकऱ्यांची आहे. कोको लावा म्हणून कंपन्यांनी शेतकऱ्यांना आधी प्रोत्साहन दिले. ऐंशीच्या सुमारास भाव कोसळले, खरेदी आटली आणि बागा तोडायची वेळ आली. तेव्हा या संस्थेने कोको घ्यायला सुरुवात केली आणि १९८६ मध्ये पुत्तूरला स्वतःचा चॉकलेटचा कारखाना उभा केला. हे शेतकऱ्यांचे चॉकलेट आहे, आणि सभासदांनी ठरवल्याशिवाय ते नाव कुणाच्या झोळीत पडत नाही. आपल्याकडे सहकाराची परंपरा याहून जुनी. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला कारखाना उभा केला त्याला पाऊण शतक झाले. तरी सहकारी कारखाने पोती भरून साखर विकत राहिले आणि नावाचा माल करण्याची वाट फार थोड्यांनी धरली. वारणेने ती काही अंशी धरली, तिथे कॅडबरीसाठी बोर्नव्हिटाही बनवला गेला, पण डब्यावरचे नाव कॅडबरीचे होते. राजकारणाने पोखरलेल्या सहकाराची उदाहरणे देऊन कुणी ही वाट बंदच करू पाहील. ती उदाहरणे खोटी नाहीत. पण खासगी कंपन्याही बुडतात, आणि त्यामुळे खासगी मालकी वाईट असे आपण म्हणत नाही.

दुसरा आक्षेप भांडवलाचा: हक्कांची एवढी बंधने घातली तर पैसा कोण लावेल? याला उत्तर रावळगावच्याच जिल्ह्यात आहे. दिंडोरी तालुक्यात मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी. कायद्याने अशा कंपनीचे सभासदत्व उत्पादकांपुरतेच असते, तिचे शेअर बाहेरच्याला विकता येत नाहीत. तरीही २०२२ मध्ये तिच्या उपकंपनीत युरोपातल्या गुंतवणूकदारांनी सुमारे ३१० कोटी रुपये घातले. वरच्या कंपनीत शेतकरी, खालच्या कंपनीत भांडवल, अशी ही रचना आहे. पैसा आला आणि मोहाडीचे शेतकरी मालकही राहिले.

राहिला प्रश्न गावाच्या नावाचा. भौगोलिक मानांकन कायद्यानेच विकता येत नाही. कोल्हापुरी चपलेला ते आहे, म्हणूनच २०२५ मध्ये प्राडा या फॅशन कंपनीने मिलानला तशा चपला मिरवल्या तेव्हा इथल्या कारागिरांना आणि संस्थांना बोट ठेवून बोलता आले. अशा गोळीला ते मानांकन मिळणे अवघड, कारण तिचा गुण त्या गावाशीच बांधलेला आहे असे दाखवणे कठीण. पण व्यापारचिन्हांचा १९९९ चा कायदाही गावाचे नाव सहजासहजी कुणाच्या मालकीचे करत नाही. केवळ मूळ ठिकाण सांगणाऱ्या नावाची नोंद होत नाही; वर्षानुवर्षांच्या वापराने ते नाव ग्राहकाच्या मनात त्या मालाशी जोडले गेले, तरच होते. म्हणजे हे नाव मालमत्ता बनते ते लोकांनी ओळखल्यामुळे, हे कायद्यालाही मान्य आहे.

तेव्हा राज्य सरकारने एक छोटी सुरुवात करावी. सामूहिक प्रोत्साहन योजनेतून अन्नप्रक्रिया उद्योगांना करातली सवलत आणि अनुदान दिले जाते. ज्या उद्योगाचे नाव गावाचे असेल त्याला ही मदत देताना दोन अटी घालाव्यात. ब्रँड विकायचा झाला तर तो विकत घेण्याची पहिली संधी कामगारांच्या आणि कच्चा माल पुरवणाऱ्यांच्या संस्थेला, ठराविक मुदतीसाठी, मिळावी. ती संधी त्यांना घेता आली नाही, तर विक्रीच्या रकमेचा ठरलेला हिस्सा अशा निधीत जावा ज्यात ग्रामपंचायत, कामगार आणि पुरवठादार यांचे प्रतिनिधी असतील, आणि ज्याचे हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवणे बंधनकारक असेल. २७ कोटींचे पाच टक्के धरले तरी एक कोटी पस्तीस लाख होतात. एवढ्या पैशात, कारखाना बंद पडला तरी, पाक ओळखणारी माणसे गावातच ठेवून गोळ्यांचा एक लहान घाणा नव्या नावाने सुरू करता येतो.